खाण ज्याची, भाव त्याचा

नागपुरात इतवारीच्या लोहा ओळीत सळईचा भाव विचारा, दुकानदार आधी उलट विचारेल, "प्रायमरी देऊ की लोकल?" प्रायमरी म्हणजे टाटा, जिंदाल आणि सरकारी कंपनी सेल यांचा माल. खनिजापासून सळईपर्यंत सगळं एकाच कंपनीच्या आवारात होतं. लोकल म्हणजे जालना, रायपूर किंवा आपल्याच पट्ट्यातल्या मिलांचा माल. भंगार आणि स्पंज आयर्न (खनिज न वितळवता त्यातला ऑक्सिजन काढून केलेलं सच्छिद्र लोखंड) इंडक्शन भट्टीत, म्हणजे विजेच्या भट्टीत, वितळवायचं, त्याचे बिलेट, म्हणजे लांब चौकोनी ठोकळे, पाडायचे आणि मिलमधून सळई ओढायची. दोन्हींवर आयएस १७८६ या भारतीय मानकाचा शिक्का, दोन्हींवर एफई ५००डी ही एकच प्रत. भावात मात्र टनामागे काही हजारांचा फरक. गिऱ्हाईक म्हणतं, भावात एवढा फरक आहे म्हणजे दर्जातही असणार. थोडाफार असतो, त्याकडे पुढे येतो. पण यात आणखी एक गंमत आहे. ज्याच्याकडे स्वतःची जुनी खाण आहे त्याला पोलाद स्वस्तात पडतं आणि तो ते महाग विकतो. ज्याच्याकडे खाण नाही, कोळसा नाही, बंदर नाही, त्याला ते महागात पडतं आणि त्याला ते स्वस्त विकावं लागतं. हा उलटा हिशोब नजरेआड करून 'पोलाद उद्योगाला संरक्षण द्या' म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न आहे: यातल्या कोणत्या उद्योगाला?

केंद्र सरकारने २१ एप्रिल २०२५ पासून कॉइल, प्लेट, पत्रा अशा सपाट पोलादाच्या आयातीवर १२ टक्के सेफगार्ड शुल्क, म्हणजे आयातीच्या लोंढ्यापासून देशी उद्योगाला वाचवणारं तात्पुरतं जादा शुल्क, लावलं. आधी २०० दिवसांसाठी. मग ते तीन वर्षं चालावं, १२ वरून साडेअकरा आणि अकरा असं उतरत जावं, अशी शिफारस झाली. कारण खोटं नव्हतं. चीन वर्षाला १०० कोटी टनांच्या घरात पोलाद बनवतो. तिथली घरबांधणी थंडावली आणि २०२४ मध्ये चीनने ११ कोटी टनांहून जास्त पोलाद बाहेर विकलं. भारताचं २०२४-२५ चं सगळं उत्पादन साधारण १५ कोटी टन, यावरून त्या लोंढ्याचा अंदाज यावा. शिवाय कोरिया आणि जपानचा माल मुक्त व्यापार करारांमुळे जवळपास बिनशुल्क येतो. त्या वर्षी आपली तयार पोलादाची आयात ९५ लाख टनांच्या आसपास गेली, निर्यातीहून जास्त. तेव्हा शुल्क लावणं चुकलं असं मी म्हणणार नाही. मात्र शुल्क लागलं आणि विषय संपला, असं जे वातावरण तयार झालं त्याच्याशी माझं भांडण आहे.

एप्रिलमध्ये नागपुरात काय चाललेलं असतं? कूलरचा सीझन. या शहरात कूलर बनवणारे छोटे कारखाने गल्लीगल्लीत आहेत. गॅल्व्हनाइज्ड पत्रा आणायचा, कापायचा, वाकवायचा, रिबेट मारायचा, रंग द्यायचा, खस लावायचा. मोटर आणि पंप सोडला तर कूलरच्या खर्चात पत्राच सगळ्यांत मोठा. हा पत्रा परदेशातून येतच नाही म्हणा हवं तर. नागपूरपासून जवळच, कळमेश्वरला पत्र्याला जस्ताचा आणि रंगाचा मुलामा देणारा मोठा कारखाना आहे. पण त्याचा भाव कळमेश्वरचा खर्च बघून ठरत नाही. चीन-कोरियाचा माल आपल्या बंदरावर उतरवला तर काय पडेल, हे बघून देशातल्या कंपन्या आपला भाव त्याच्या जवळपास ठेवतात. म्हणजे आयातीवरचं शुल्क प्रत्यक्ष आयात न करणाऱ्यालाही भरावं लागतं, फक्त ते सरकारच्या तिजोरीत न जाता गिरणीवाल्याच्या खात्यात जातं. मग कूलरवाला काय करतो? पत्रा पातळ वापरतो, नाहीतर फायबरच्या बॉडीकडे वळतो. गेल्या काही वर्षांत बाजारात प्लास्टिक बॉडीचे कूलर किती वाढले हे कुणाला सांगायला नको. पोलादाचा खरा प्रतिस्पर्धी नेहमी दुसऱ्या देशाचं पोलादच असतं असं नाही.

सरकारला दुसरी बाजू दिसत नाही, असंही नाही. मे २०२२ मध्ये भाव भडकले तेव्हा याच सरकारने पोलादाच्या निर्यातीवर १५ टक्के शुल्क लावलं होतं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात काढून घेतलं. तेव्हा गिऱ्हाईकाची बाजू घेतली, आता कंपन्यांची. दोन्ही वेळा सीमेवरच्या शुल्काचा स्क्रू कमीजास्त पिळला, आतल्या रचनेला कुणी हात लावला नाही.

आतली रचना काय आहे ते बघा. भारतात सुमारे एक तृतीयांश पोलाद इंडक्शन भट्ट्यांत बनतं. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही मोठ्या पोलाद-उत्पादक देशात हे प्रमाण नाही. या भट्ट्यांमधून प्रामुख्याने सळई, अँगल, चॅनेल असा लांब माल निघतो, आणि सेफगार्ड शुल्क आहे सपाट मालावर. म्हणजे ज्या मिलमध्ये बुटीबोरीचा किंवा हिंगण्याचा पोरगा कामाला जातो, तिला या संरक्षणाचा थेट उपयोग जवळपास शून्य. चीनची सळई तिच्या दारात येतही नाही. तिची लढाई आहे रायपूरशी, जालन्याशी आणि भिलाईशी.

आणि ती लढाई विजेच्या बिलावर लढली जाते. स्पंज जास्त घातलं तर भट्टी आणि मिल मिळून टनाला आठशे-नऊशे युनिट वीज लागते. भंगार जास्त असलं तर त्याहून कमी. युनिटमागे एक रुपयाचा फरक पडला की टनामागे आठशे-नऊशे रुपये गेले. ज्या धंद्यात सौदा शंभर-दोनशेवर तुटतो, तिथे हा फरक मिल चालू ठेवायची की कुलूप लावायचं हे ठरवतो. रायपूरच्या सिलतरा-उरला पट्ट्यात स्पंजच्या भट्टीतून निघणाऱ्या गरम वायूवर स्वतःची वीज करणारे कारखाने आहेत. त्यांचं गणित वेगळं बसतं. आपल्याकडे रात्रीच्या विजेला सवलत म्हणून वर्षानुवर्षं भट्ट्या रात्री पेटायच्या, कामगारांचं सगळं आयुष्य उलटं. आता सौरऊर्जा वाढल्यामुळे स्वस्त वीज दुपारी असते, म्हणजे वेळापत्रक पुन्हा फिरवा. २०१६ पासून राज्य सरकार विदर्भ-मराठवाड्यातल्या उद्योगांना वीजदरात सवलत देतं खरं, पण ती अंदाजपत्रकातल्या तरतुदीच्या भरवशावर. त्या भरवशावर कोण बँकेत जाऊन पंधरा वर्षांचं कर्ज मागेल? कोराडी, खापरखेडा, चंद्रपूरची धुराडी आपल्या डोक्यावर, राख आपल्या नाल्यांत, आणि दर मात्र अख्ख्या राज्याला एकच. हे रडगाणं जुनं आहे, त्यामुळे इथेच थांबतो. वीज हा अर्धाच प्रश्न आहे.

उरलेला अर्धा प्रश्न खनिजाचा. आणि इथे थोडं मागे जावं लागेल, कारण पोलाद उद्योग विदर्भाला एकदा हुलकावणी देऊन गेलेला आहे.

जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. पण पोलादाचा कारखाना काढायचा तर तो चांदा (आजच्या चंद्रपूर) जिल्ह्यात, असा त्यांचा पहिला विचार होता, हे फार लोकांना ठाऊक नाही. १८८२ मध्ये एका जर्मन तज्ज्ञाचा अहवाल आला होता: लोहाऱ्याला उत्तम लोहखनिज, आणि जवळच वरोऱ्याला कोळसा. जमशेटजींनी नमुने जर्मनीला पाठवले. कोळसा नापास झाला. झोतभट्टीला, म्हणजे ब्लास्ट फर्नेसला, लागणारा कोक (भाजून कडक केलेला कोळसा) त्या कोळशाचा होत नव्हता. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांचे चिरंजीव दोराबजी चांद्याचा नाद सोडतो आहोत हे कळवायला नागपूरच्या सचिवालयात आले, साहेबांची वाट बघताना समोरच्या म्युझियममध्ये, आपल्या अजब बंगल्यात, शिरले आणि तिथे भिंतीवर मध्य प्रांताचा भूगर्भ नकाशा दिसला. दुर्ग जिल्ह्याचा एक भाग लोहखनिजाच्या खुणेने गडद केलेला. ते डल्ली-राजहरा. खनिज अप्रतिम निघालं, पण जवळ कोकचा कोळसा नव्हता, आणि टाटा शेवटी साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, गेले. राजहऱ्याच्या खनिजावर १९५९ पासून भिलाईच्या झोतभट्ट्या चालल्या.

सांगायचा मुद्दा असा की तेव्हा कोळशाने जागा ठरवली. आज देशाला लागणाऱ्या कोकिंग कोळशापैकी ८५ टक्क्यांच्या आसपास बाहेरून येतो, त्यात मोठा वाटा ऑस्ट्रेलियाचा. झोतभट्टीत टनभर पोलादाला साधारण १.६ टन खनिज आणि पाऊण टनाच्या आसपास कोकिंग कोळसा लागतो. कोळसा बोटीने येणार असेल तर कारखाना किनाऱ्याजवळ असलेला बरा, खनिज असलेल्या जंगलात असलेला दुय्यम. तरीही सगळ्या मोठ्या कंपन्या खाणीकडे धावतात. कारण कोळशाचा भाव कुणाच्याच हातात नाही, तो सगळ्यांना सारखाच झोडपतो. खनिजाचा भाव हातात ठेवता येतो. एका कंपनीला दुसरीवर मात करायला तीच एक जागा उरली आहे.

ही मात किती मोठी? २०१५ मध्ये खाणकायदा बदलला आणि खाणी लिलावाने देणं सुरू झालं. २०२० च्या ओडिशातल्या लिलावांत कंपन्यांनी खनिजाच्या सरासरी विक्री किमतीच्या ९० टक्क्यांहून जास्त, काही ठिकाणी १०० टक्क्यांहूनही जास्त रक्कम राज्याला द्यायची बोली लावली. म्हणजे खनिज काढायचा खर्च वेगळा, आणि वर जवळपास पूर्ण किंमत सरकारला. लिलावाआधी मिळालेल्या खाणपट्ट्यावर मात्र रॉयल्टी १५ टक्के आणि खाणग्रस्त भागासाठीच्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा वाटा, जवळपास एवढंच. दगड तोच, डोंगरही कदाचित शेजारचा, आणि टनामागे हजारोंचा फरक. सरासरी विक्री किंमत दर महिन्याला जाहीर कोण करतं? भारतीय खाण ब्यूरो, ज्याचं मुख्यालय आपल्या सिव्हिल लाइन्समध्ये आहे. वेस्टर्न कोलफील्ड्सचं मुख्यालय इथेच, मॅंगनीज काढणाऱ्या मॉयलचंही इथेच. देशाच्या खनिजाचे आकडे नागपुरात तयार होतात आणि नागपूरच्या मिलवाल्याला खनिज मिळत नाही. एक मालगाडी म्हणजे चार हजार टनांच्या आसपास माल. छोट्या स्पंजवाल्याला तेवढं एकदम घेणं परवडत नाही, आणि पाचशे टन कुणी द्यायला तयार नाही.

आता गडचिरोली. सूरजागडच्या खाणीचा पट्टा लॉइड्स मेटल्सला २००७ मध्ये मिळाला. काम अडखळत राहिलं. डिसेंबर २०१६ मध्ये माओवाद्यांनी तिथे मोठ्या संख्येने ट्रक जाळले. २०२१ पासून खाण जोरात सुरू झाली. आज राज्यातली लोहखनिजाची ती सगळ्यांत मोठी आशा आहे. कोनसरीला पेलेटचा, म्हणजे खनिजाच्या भुकटीच्या भाजलेल्या गोळ्यांचा, प्रकल्प उभा राहिला, खाणीपासून तिथपर्यंत खनिज पाण्यात कालवून नेणारी स्लरी पाइपलाइन आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये नागपुरातल्या अॅडव्हांटेज विदर्भ या गुंतवणूक मेळाव्याच्या मंचावर जेएसडब्ल्यूने गडचिरोलीत २५० लाख टनांचा कारखाना काढण्याची घोषणा केली. मुख्यमंत्री गडचिरोलीला 'स्टील हब' म्हणतात आणि जिल्ह्याचं पालकमंत्रिपद त्यांनी स्वतःकडेच ठेवलं आहे. यातलं काहीही मला वाईट वाटत नाही. आलापल्ली-आष्टी रस्त्यावर ट्रकांखाली माणसं मरत होती, त्यापेक्षा पाइपलाइन शंभर पटींनी बरी. पण पाइपलाइनचं एक टोक खाणीत आहे आणि दुसरं त्याच कंपनीच्या आवारात. ट्रक निदान कुठेही वळवता येतो. एकदा सगळं खनिज नळातून एकाच दारी जायला लागलं की मधल्या कुणाला ते मिळण्याचा प्रश्नच संपला. उद्या आणखी एक महाकाय कारखाना आला की तोही आपली खाण मागेल, आणि रास्तच मागेल. मग विदर्भात खनिजही असेल, पोलादही असेल, आणि बुटीबोरीची मिल रायपूरहून बिलेट विकत घेत असेल.

इथे एक आठवण करून देणं भाग आहे. १९५६ पासून १९९२ च्या सुमारापर्यंत मालवाहतूक समानीकरणाचं धोरण होतं. भिलाईचं किंवा जमशेदपूरचं पोलाद देशात कुठेही एकाच भावाने मिळायचं, भाड्याचा फरक सामाईक निधीतून भरून निघायचा. त्याचा फायदा मुंबई-पुण्याच्या कारखानदारीने भरभरून घेतला. बिहारने खनिज दिलं आणि हात हलवत बसला. भिलाईपासून अडीचशे किलोमीटरवर असून नागपूरलाही त्या जवळिकीची किंमत मिळाली नाही. तेव्हा खनिज दुसऱ्याचं होतं म्हणून महाराष्ट्राला हा प्रश्न पडला नाही. आता खनिज आपल्या घरचं आहे. बिहार तेव्हा जे विचारत होता ते गडचिरोलीच्या माणसाने आज विचारलं तर मुंबईकडे उत्तर काय?

माझ्या मुद्द्याला दोन जोरदार उत्तरं मिळतात, आणि दोन्हींत दम आहे. पहिलं: छोट्या भट्टीचं पोलाद चांगलं नसतं, मग तिला का जगवायचं? चीनने २०१७ मध्ये इंडक्शन भट्टीच्या पोलादावर बंदीच घातली. खरं आहे. या भट्टीचं अस्तर सिलिकाचं असतं. फॉस्फरस काढायचा तर चुन्याची मळी (स्लॅग) लागते आणि ती मळी अस्तर खाऊन टाकते. म्हणून जे आत घातलं तेच जवळपास बाहेर येतं. घातलेलं भंगार रद्दड, स्पंज हलकं, तर सळई वाकवताना तडकते. शिवाय वजनाची चलाखी. १२ मिलिमीटरची १२ मीटर सळई १०.६६ किलो भरायला हवी. मानकात पाच टक्के कमीजास्त चालतं, आणि काही मिला मुद्दाम त्या खालच्या कडेवर, कधी तिच्याही खाली ओढतात. नगावर घेणारा गिऱ्हाईक तिथे फसतो. काट्यावर तोलून घेणारा वाचतो. पण नीट बघितलं तर हा आक्षेप माझ्याच बाजूचा आहे. जी भट्टी आतला दोष काढू शकत नाही, तिला आत चांगला माल मिळणं सगळ्यांत गरजेचं. चांगलं खनिज म्हणजे चांगलं स्पंज, चांगलं स्पंज म्हणजे चांगली सळई. खनिजाचे दरवाजे बंद करायचे आणि मग सळई वाईट म्हणायची, हे म्हणजे पोराला उपाशी ठेवून त्याला किरकोळ म्हणण्यासारखं आहे.

दुसरं उत्तर धुराचं. कोळशावरचं स्पंज प्रचंड कार्बन सोडतं. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राने हरित पोलादाची व्याख्या केली, टनामागे २.२ टनांपेक्षा कमी कार्बन डायऑक्साइड. कोळशाच्या स्पंजवर चालणारी मिल त्यात सहसा बसत नाही. आयात मालावरचा युरोपचा कार्बन कर १ जानेवारी २०२६ पासून लागू झाला आहे. मान्य. पण झोतभट्टीही २.२ च्या वरच असते, आणि भंगारावर चालणारी इंडक्शन भट्टी त्या व्याख्येत आरामात बसू शकते. म्हणजे छोटं विरुद्ध मोठं असा हा वाद नाही, आत काय घालता आणि वीज कुठली वापरता याचा आहे. सिलतरा काय किंवा घुग्घुस काय, तिथल्या घरांच्या छपरावरची काळी पूड मी बघितली आहे, त्यामुळे प्रदूषण नियंत्रण मंडळाने जास्त कडक व्हावं असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी उद्योग दोन-तीन घराण्यांच्या हाती द्यायची गरज नाही.

आणि तो तसा जातो आहे. जून २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने दिवाळखोरीसाठी १२ मोठी थकीत कर्जखाती पुढे केली, त्यातली पाच पोलादाची होती: एस्सार, भूषण स्टील, भूषण पॉवर, मोनेट, इलेक्ट्रोस्टील. पाचही शेवटी बड्या समूहांच्या हाती गेली. एस्सार ४२,००० कोटींना आर्सेलरमित्तल-निप्पॉनकडे, भूषण स्टील टाटांकडे, दोन जेएसडब्ल्यूच्या छत्राखाली, एक वेदांताकडे. बँकांचे पैसे सुटले, कारखाने चालू राहिले, हे चांगलंच झालं. वर्ध्याजवळ भुगावच्या कारखान्यावरची पाटी लॉइड्स, मग उत्तम, आता इव्होनिथ अशी बदलत गेली, पण धुराडं चालू राहिलं. मात्र सपाट मालात आता चार-पाच विक्रेते उरलेत. २०२१ मध्ये तामिळनाडूतल्या बांधकाम कंत्राटदारांनी भाव संगनमताने वाढवले जातात अशी तक्रार केली आणि स्पर्धा आयोगाची चौकशी सुरू झाली. लांब मालात असं करणं आजही अवघड आहे, आणि त्याचं एकच कारण: देशभर शेकडो लोकल मिला आहेत. प्रायमरी सळई फार महाग झाली की गिऱ्हाईक लोकलकडे वळतं. लोहा ओळीतला तो दुसरा भाव पहिल्या भावाला लगाम घालतो. प्रायमरीच घेणाऱ्या माणसालाही लोकल मिल जिवंत राहण्यात फायदा आहे.

तर मागणी काय करायची? कायदा आता आड येत नाही. २०२१ च्या दुरुस्तीने स्वतःच्या कारखान्यासाठी दिलेल्या खाणीतूनही ५० टक्क्यांपर्यंत खनिज बाहेर विकायला परवानगी दिली. २०२५ च्या दुरुस्तीने तीही मर्यादा काढली आणि खनिजाचे एक्स्चेंज, म्हणजे उघड खरेदी-विक्रीचा बाजार, उभारण्याची तरतूद केली. परवानगी आहे, बंधन नाही, आणि बंधन नसेल तर कुठली कंपनी आपल्या प्रतिस्पर्ध्याला स्वस्त खनिज देईल? राज्य सरकार गडचिरोलीत जमीन, पाणी, रस्ता, करसवलत देणार आहे. त्या सवलतीच्या करारातच एक अट घालता येते: खनिजाचा किंवा पेलेटचा ठरावीक वाटा, समजा पाचवा हिस्सा, उघड ई-लिलावाने, आणि पाचशे-हजार टनांच्या लॉटमध्ये. पेलेट कोनसरीतच तयार होतं, त्यामुळे त्यासाठी पुन्हा जंगलातून ट्रक काढायची गरज नाही. वडसा-गडचिरोली रेल्वेमार्ग पूर्ण झाला की ते वाहतुकीलाही सोपं जाईल. तळाची बोली खाण ब्यूरोच्या सरासरी किमतीला बांधा, म्हणजे राज्याचा महसूल बुडणार नाही आणि कंपनीलाही रडायला जागा राहणार नाही. आणि एक्स्चेंज काढायचंच असेल तर ते नागपुरात काढा. ब्यूरो इथे, कोळसा इथे, मॅंगनीज इथे. विजेची सवलतही दर वर्षी अंदाजपत्रकात शोधायला न लावता दहा वर्षांच्या लेखी दराने द्या, अगदी कमी द्या, पण लेखी द्या.

कंपन्या म्हणतील, अशा अटी घातल्या तर आम्ही ओडिशाला जाऊ. जाऊ देत, असं मी म्हणणार नाही. गडचिरोलीला ते कारखाने हवेच आहेत. पण ओडिशात त्यांनी शंभर टक्क्यांच्या बोल्या लावून खाणी घेतल्या आहेत. एवढ्या किमतीला खनिज घेणारी माणसं पाचव्या हिश्शाच्या उघड विक्रीने पळून जातील, हे ऐकून घ्यायला राज्य सरकारने तरी इतकं भोळं असू नये.